खबर देणाऱ्याला उत्तर कोण देणार?

प्रश्न एका तरुण मुलीचा आहे. ती आयबीच्या, म्हणजे देशांतर्गत गुप्तवार्ता संस्थेच्या, सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी पदाच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिने विचारलंय : उपग्रह, फोनवरची पाळत, आता एआय, एवढं सगळं हाताशी असताना आपल्या यंत्रणा पुन्हा पुन्हा गाफील कशा सापडतात? आणि सुधारणा करायची तर आधी माहिती गोळा करण्याची पद्धत सुधारावी की माणसं सांभाळण्याची?

माझी एकतीस वर्षं या कामात गेली. सुरुवात एका जिल्ह्याच्या पोलिसांच्या विशेष शाखेत, म्हणजे गुप्त माहिती गोळा करणाऱ्या शाखेत झाली, पुढे प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळ खात्यातून काही वर्षांच्या नेमणुकीवर, केंद्रात गेलो, शेवटची काही वर्षं नव्या मुलामुलींना शिकवलं. माझं उत्तर सरळ आहे. हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. माहिती हरवते तेव्हा ती बहुतेक वेळा एखाद्या कनिष्ठ माणसाच्या हातून वर गेल्यानंतर हरवते. त्या माणसाला कसं वागवलं जातं, यावर पुढची माहिती येणार की नाही हे ठरतं.

कारगिलपासून सुरुवात करतो, कारण तिथली नोंद छापील स्वरूपात सगळ्यांपुढे आहे. ३ मे १९९९ रोजी गारकोन गावच्या ताशी नामग्याल या मेंढपाळाने हरवलेला याक शोधताना बटालिकच्या डोंगरात दुर्बिणीतून अनोळखी माणसं पाहिली आणि लष्कराला कळवलं. एवढंच ऐकून लोक म्हणतात, बघा, यंत्रणा झोपल्या होत्या आणि एका मेंढपाळाने देश जागा केला. युद्धानंतर आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल वाचला की चित्र अधिक त्रासदायक दिसतं. जून १९९८ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, कारगिलसमोरच्या भागातल्या हालचालींबद्दल आयबीच्या संचालकांच्या सहीने पत्र गेलं होतं. ते पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव अशा वरिष्ठांना गेलं. पण ज्यांनी त्या माहितीवर प्रत्यक्ष काम करायचं ते तिघे, परदेशातली माहिती मिळवणाऱ्या रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता विभागाचे महासंचालक, त्या यादीत नव्हते. रॉच्या सप्टेंबर १९९८ पर्यंतच्या सहामाही आढाव्यात पाकिस्तानकडून मर्यादित, झटपट चढाई होण्याची शक्यता मांडलेली होती. पुढच्या आढाव्यात ती पुन्हा आली नाही.

मी शिकवायचो तेव्हा पहिल्या आठवड्यात हा भाग मोठ्याने वाचून घ्यायचो. मुलं विचारायची, सर, मग चूक कोणाची? मी म्हणायचो, आधी त्या पत्राचा प्रवास कागदावर काढा. ते कोणी लिहिलं असेल, त्याला त्याची माहिती कोणी दिली असेल, आणि त्या शेवटच्या माणसाला पुढे काय कळलं असेल? आमच्या खात्यांत एक समजूत खोल रुजलेली आहे, की टिपण जितक्या मोठ्या माणसाच्या टेबलावर पोहोचलं तितकं त्याचं काम झालं. पंतप्रधानांच्या टेबलावर रोज असे किती कागद येत असतील याचा विचार होत नाही. माहिती वरच्या पायरीवर पोहोचवण्यात आपण प्रवीण आहोत. ती शेजारच्या खोलीत मात्र पोहोचत नाही.

कारगिलनंतर मंत्रिगट बसला, त्याच्या शिफारशी आल्या, नव्या संस्था उभ्या राहिल्या. डिसेंबर २००१ मध्ये आयबीत सगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र आणणारं मल्टी एजन्सी सेंटर, ज्याला सगळे मॅक म्हणतात, मार्च २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था, २००४ मध्ये तांत्रिक माहितीसाठी एनटीआरओ. तरीही २००८ चा नोव्हेंबर आलाच. मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, ताज हॉटेल लक्ष्य असू शकतं, अशा सूचना आधी आलेल्या होत्या. ताजमध्ये काही काळ बंदोबस्त वाढवलाही होता, नंतर तो सैल पडला. २६ नोव्हेंबरच्या रात्री दहा जण रबरी होडीतून बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले तेव्हा तिथल्या कोळी लोकांनी त्यांना पाहिलं आणि हटकलंसुद्धा. म्हणजे इथेही डोळे होतेच. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने पुढे राज्य पातळीवर या सूचनांची हाताळणी कशी गोंधळाची होती ते दाखवून दिलं.

सूचना कशा असतात ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. वरून येणाऱ्या बहुतेक सतर्कता पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होतो : आवश्यक ती दक्षता घ्यावी. कोणी घ्यावी, किती दिवस घ्यावी, काय दिसलं तर कोणाला फोन करावा, हे त्यात नसतं. महिन्याला अशी वीस पत्रं आली की ठाण्यातला हवालदार ती आवक नोंदवहीत चढवतो आणि फाईलला लावतो. त्याचा दोष मी मानत नाही. धोक्याची सूचना कधी संपते हेच जर पाठवणाऱ्याने लिहिलं नसेल, तर घेणाऱ्याने ती किती दिवस जागती ठेवायची? माझं ठाम मत आहे की प्रत्येक सतर्कता पत्रावर तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात : नेमकं काम, ते करणारं पद, आणि सूचना रद्द होण्याची किंवा नव्याने तपासली जाण्याची तारीख. यासाठी नवी इमारत लागत नाही आणि संसदेत विधेयकही लागत नाही.

आता उलट दिशा, म्हणजे खालून वर जाणारी माहिती. माझ्या सुरुवातीच्या काळात किनाऱ्यावरच्या एका बंदरात माझा एक बातमीदार होता. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पैशासाठी काम करणारा नव्हता, भाऊ लष्करात होता म्हणून करायचा. एकदा त्याने सांगितलं की बाहेरगावचे दोन जण कुठल्या होडीत किती डिझेल मावतं, रात्री कुठल्या धक्क्यावर उजेड नसतो, असं विचारत फिरत होते. मी टिपण केलं, वर पाठवलं. महिना गेला, चार महिने गेले. तो भेटला की विचारायचा, साहेब, त्या माणसांचं काय झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दोनदा लेखी विचारणा केली, एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारलं. वरच्या कार्यालयात सांगितलं गेलं की पाठवणं तुमचं काम, पुढचं विचारू नका. सातव्या-आठव्या महिन्यात त्याने मला चहा पाजला आणि शांतपणे म्हणाला, साहेब, आता मला काही दिसत नाही. त्याला सगळं दिसत होतं. तो सांगायचा थांबला. त्या बंदरात पुढे दोन वर्षं मला कोणी काही सांगितलं नाही.

ती माणसं डिझेल चोर होती की आणखी कोणी, हे मला आजही माहीत नाही. पण या एका प्रसंगाने मला जे शिकवलं ते कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नाही. गुप्ततेचं कारण देऊन उत्तर नाकारणं फार सोपं असतं. पण बातमीदाराला किंवा टिपण पाठवणाऱ्याला तपशील नकोच असतो. उपयोगी पडलं, आणखी माहिती हवी, किंवा हे आम्हाला आधीच ठाऊक होतं, या तिन्हीपैकी एक उत्तर तीस दिवसांत खाली आलं पाहिजे. तिसरं उत्तरसुद्धा माणसाला बळ देतं, कारण आपण योग्य ठिकाणी बघत होतो हे त्याला कळतं. ज्या मोजक्या वरिष्ठांनी ही सवय स्वतःहून पाळली, त्यांच्या हाताखाली माहितीचा दर्जा वर्षभरात बदललेला मी पाहिला आहे.

बातमीदारांविषयी बोलायचं तर आधी गडचिरोलीबद्दल बोललं पाहिजे. पोलिसांचा खबरी असल्याच्या संशयावरून ग्रामस्थाची हत्या, ही ओळ मराठी वाचकाने किती वेळा वाचली असेल. मारल्या गेलेल्यांतले कित्येक खबरी नव्हतेच. कुणी ठाण्यात दाखल्यासाठी गेला, कुणाच्या घरी पोलिसांनी पाणी प्यायलं, एवढंच. म्हणून माझ्या दृष्टीने बातमीदाराला सांभाळण्यातला निष्काळजीपणा ही शिस्तभंगाची नव्हे, माणसाच्या जिवाची गोष्ट आहे. त्याला ठाण्यात बोलावणं, सरकारी गाडीतून भेटायला जाणं, मोबाईलवर नाव साठवणं, बक्षिसाच्या पावतीवर ओळखू येईल असा तपशील टाकणं, यांतली प्रत्येक गोष्ट मी घडताना पाहिली आहे. करणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना हे कोणी शिकवलंच नव्हतं, कारण त्यांना वाहतूक शाखेतून उचलून तीन दिवसांत गोपनीय शाखेत बसवलं होतं.

त्याच गडचिरोलीत दुसरं उदाहरणही आहे. १९९० मध्ये उभारलेल्या पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकात स्थानिक तरुण घेतले गेले. गोंडी आणि माडिया बोलणारी, जंगलातल्या वाटा पायाखालच्या असणारी मुलं. बाहेरून आलेला अधिकारी दुभाष्यामार्फत दोन तासांत जे काढू शकत नाही, ते असा मुलगा बाजाराच्या दिवशी पाच मिनिटांत ऐकून येतो. भाषा ही या कामातली पहिली पात्रता मानायला हवी, आणि भरतीत ती शेवटच्या रकान्यात असते. आयबी सुरक्षा सहायकाच्या भरतीत स्थानिक भाषा तपासते, ते चांगलं आहे. वरच्या पदांवर मात्र इंग्रजी टिपण सफाईने लिहिणारा पुढे जातो आणि पश्तो किंवा चिनी शिकण्यात पाच वर्षं घालवणारा मागे राहतो.

माणसं मुळात पुरेशी आहेत का, हेही बघा. २०१३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे आयबीत सुमारे २७ हजार मंजूर पदांपैकी ८ हजारांहून अधिक रिकामी होती. इतकी पदं रिकामी असली की एक माणूस तिघांचं काम करतो, आणि त्या तीन कामांतलं पहिलं सुटतं ते लोकांमध्ये जाऊन बसण्याचं. टिपणं वेळेवर जातात, कारण त्यांचा हिशेब ठेवला जातो. भेटीगाठी बंद पडतात, कारण त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

बदल्यांचं दुखणं राज्यांच्या पोलिसांत जास्त तीव्र आहे. आमच्या भाषेत गोपनीय किंवा विशेष शाखा म्हणजे साइड पोस्टिंग, बाजूला टाकल्याची नेमणूक. मला एक हवालदार आठवतात. एका तालुक्यात गोपनीयचं काम नऊ वर्षं केलेलं. कुठल्या गावात कोणाचं कोणाशी वाकडं आहे, कुठला पोलीस पाटील खरं सांगतो आणि कुठला घाबरून अर्धं सांगतो, कोणत्या घरातला मुलगा अचानक कुठे निघून गेला, हे सगळं त्यांनी तीन जाड वह्यांत लिहून ठेवलं होतं. नवे साहेब आले, त्यांना बंदोबस्ताला माणूस कमी पडत होता, हवालदारांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्याला त्या वह्यांचं काय करायचं ते कळेना. वर्षाने मी त्या तालुक्यात गेलो तेव्हा वह्या रद्दीत गेल्या होत्या. नऊ वर्षं एका तालुक्याची नाडी ज्या माणसाच्या बोटाखाली होती, तो सभेच्या मैदानावर दोरी धरून उभा होता. हे आठवलं की अजूनही जीव तुटतो.

यावर राज्यात एक बरं पाऊल पडलं आहे. २६/११ नंतर राज्य गुप्तवार्ता विभागासाठी सहायक गुप्तवार्ता अधिकाऱ्यांची थेट भरती सुरू झाली आणि पुण्यात गुप्तवार्ता प्रबोधिनी उभी राहिली. म्हणजे हे काम करायचं म्हणूनच आलेली माणसं मिळू लागली. पण वेगळा संवर्ग केला की त्याची स्वतःची शिडीही लागते. थेट भरती झालेला माणूस पंधरा वर्षांनी बघतो की वरच्या खुर्च्या प्रतिनियुक्तीवर येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या आहेत, तर तो काम करत राहील, पण जीव ओतणार नाही. रॉमध्येही थेट भरती झालेले आणि पोलीस सेवेतून आलेले यांच्यातला ताण जुना आहे. प्रतिनियुक्तीला माझा विरोध नाही. हेमंत करकरे सात वर्षं रॉमध्ये होते, परत येऊन एटीएसचे, राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे, प्रमुख झाले. बाहेरचा अनुभव असलेला माणूस राज्याला मिळाला. पण दोन्ही वाटा एका टोकापर्यंत जायला हव्यात.

बदली होताना बातमीदाराचं हस्तांतर कसं करावं यावर मी खूप बोलू शकेन, थोडक्यात सांगतो. नातं खात्याशी जोडलेलं हवं. म्हणून पहिल्या सहा महिन्यांतच दुसरा अधिकारी एकदा तरी त्याला भेटलेला असावा, आणि बदलीच्या वेळी दोघांनी मिळून किमान तीन महिने काम करावं. आज बदलीचा आदेश शुक्रवारी येतो आणि सोमवारी रुजू व्हायचं असतं.

आता कनिष्ठाच्या वेगळ्या मताबद्दल. इस्रायलचं उदाहरण देतो, कारण त्यांची नोंद स्वच्छ आहे. बेंजामिन सिमान-तोव हा दक्षिण कमांडच्या गुप्तवार्ता शाखेतला तरुण लेफ्टनंट. १ आणि ३ ऑक्टोबर १९७३ रोजी त्याने लिहून दिलं की सुएझ कालव्यापलीकडचा इजिप्तचा लष्करी सराव हा खऱ्या हल्ल्याचा आडोसा आहे. वरच्या अधिकाऱ्याने ती टिपणं पुढे पाठवली नाहीत, कारण मुख्यालयाचं मत वेगळं होतं. ६ ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं. युद्धाची चौकशी करणाऱ्या अग्रानात आयोगानंतर तिथल्या लष्करी गुप्तवार्ता विभागात विरुद्ध बाजू मांडण्यासाठीच एक स्वतंत्र कक्ष नेमला गेला. आणि तरीही ५० वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ च्या आधी, गाझाच्या सीमेवर पाळतीच्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसणाऱ्या तरुण सैनिक मुली संशयास्पद हालचाली कळवत होत्या आणि त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं गेलं नाही. त्यामुळे नुसता कक्ष नेमून भागतं असं मला वाटत नाही. मी इतकाच नियम सुचवेन : वरिष्ठाने टिपणाचा निष्कर्ष बदलला तर मूळ टिपण त्याच्या लेखकाच्या सहीसकट सोबत जोडूनच वर जाईल. काढून टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही. बदलणाऱ्याने कारण लिहावं. एवढ्याने लोक बदलण्याआधी दोनदा विचार करतात.

माणसं सांभाळण्याच्या ज्या भागाबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं, तो मनाचा आहे. हे काम घरी सांगता येत नाही. मित्रांना सांगता येत नाही. चूक झाली तर सगळ्यांना दिसते, यश आलं तर त्यातलं काही बोलता येत नाही. यातून दारू येते, कर्ज येतं, कडवटपणा येतो. ब्रिटनच्या एमआय-५ या देशांतर्गत गुप्तवार्ता संस्थेत मायकल बेटनी नावाचा अधिकारी होता. त्याचं पिणं, त्याचं ढासळत जाणं सहकाऱ्यांना दिसत होतं. १९८३ मध्ये त्याने सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीच्या लंडनमधल्या प्रमुखाच्या घराच्या दारातून गुप्त कागद आत टाकले. पकडला गेला, पुढच्या वर्षी २३ वर्षांची शिक्षा झाली. नंतरच्या सरकारी चौकशीने एमआय-५ च्या माणसं हाताळण्याच्या पद्धतीवरच कडक ठपका ठेवला. १९८७ मध्ये तिथे एक समुपदेशक नेमला गेला, खात्याबाहेरचा ज्येष्ठ माणूस, ज्याच्याकडे कोणताही कर्मचारी आपल्या साहेबांना न विचारता जाऊ शकतो.

आपण त्याच सुमारास काय केलं? १९८० मध्ये रॉमध्ये कर्मचाऱ्यांचं आंदोलन झालं होतं. १९८५ मध्ये कायदा आला, ज्याने गुप्तवार्ता संस्थांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या आणि वर्तमानपत्रांशी बोलण्याच्या हक्कावर बंधनं घातली. बंधनांची गरज मला मान्य आहे. अशा खात्यात युनियन चालत नाही. पण एक दार बंद केलं तर दुसरं उघडायला हवं होतं, ते राहून गेलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉमधल्या एका महिला अधिकाऱ्याच्या लैंगिक छळाच्या तक्रारीची हाताळणी असंवेदनशीलपणे झाल्याचं म्हटलं आणि भरपाई द्यायला लावली. तक्रार न्यायालयापर्यंत गेली, नाव वर्तमानपत्रांत आलं, सेवाही संपली. खात्याबाहेरचा, विश्वासातला, गोपनीयतेची शपथ घेतलेला एक निवृत्त न्यायाधीश पहिल्या महिन्यात ऐकायला बसला असता तर? २००४ मध्ये रॉचा सहसचिव रवींदर सिंग नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला, तेव्हाही सहकाऱ्यांना संशय आधी आला होता. संशय सांगायला आणि दुःख सांगायला, दोन्हीला एकच दार पुरतं.

संसदेच्या देखरेखीबद्दल एवढंच सांगेन की आयबी आणि रॉ या दोन्ही संस्थांना स्वतःचा कायदा नाही, आणि तो असावा असं मला नोकरीत असतानाही वाटत होतं. कायद्याने कामाची हद्द ठरली की चुकीच्या कामाला नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी काहीतरी उभं राहतं. यंत्रांबद्दल तर तू वाचतेसच. यंत्र लाखो फोन ऐकेल, पण त्यांतला कुठला ऐकायचा हे धक्क्यावरचा एखादा इंजिन दुरुस्त करणारा सांगतो.

म्हणून तुझ्यासाठी, बेटा : निवड झाली आणि किनाऱ्यावर नेमणूक मिळाली तर पहिले तीन महिने कोणाला काही विचारू नकोस. पहाटे मासळीच्या लिलावाला जा, रोज, एकाच वेळेला. मावशींकडून मासे घे, भाव करायला शिक, माशांची कोकणी-मालवणी नावं पाठ कर. चौथ्या महिन्यात कोणीतरी आपणहून काही सांगेल. ते काय होतं आणि पुढे त्याचं काय झालं, हे त्या माणसाला जाऊन सांगायची तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेव.